वैद्य आधी आला

फार फार वर्षांमागची गोष्ट. किती वर्षांमागची ते विचारू नका. त्या वेळच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकून विसरू नये, अशी ही गोष्ट आहे.

त्या राज्यात नदीकाठी रंगाऱ्यांचं एक गाव होतं. गावामागच्या गायरानात एक विहीर होती. तिच्या पाण्यात मंजिष्ठेची मुळं उकळली की कापडावर असा लाल चढे, की दूरदूरच्या नवऱ्या त्याच लुगड्यासाठी अडून बसत. दुसऱ्या कुठल्याही पाण्यात तो लाल येत नसे. गाव जगायचं ते त्या विहिरीवर.

गावाची एक रीत होती. कुठलाही रंग तीन पाण्यांतून काढल्याशिवाय त्याला पक्का म्हणायचं नाही. हळूहळू हीच कसोटी सगळ्याला लागली. जावई असो की नवा बैल, तीनदा पारखायचा, आणि खरा उतरला की पुन्हा शंका घ्यायची नाही.

शंका घ्यायचं काम एकट्या आत्याकडे होतं. ही गावातली सगळ्यात जुनी रंगारीण. शेजारीण प्रेमाने ताक घेऊन आली तरी, "लोणी सगळं काढून घेतलंस ना?" असं विचारणारी. लोक तिला हसत, पण तिच्या हातच्या लालाला मान देत.

एके दिवशी एका बड्या शेठचे दिवाणजी गावात आले. जमिनीच्या पोटात एक तेल असतं, बिया घाण्यात न घालताच मिळतं, आणि ते तुमच्या गायरानाखाली आहे असा शेठचा अंदाज आहे, असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं. राजाचा परवाना त्यांच्याकडे होता, पण खणायला गावाचीही संमती लागत होती. ती मात्र त्यांनी मागितलीच नाही. म्हणाले, आधी गावासाठी काहीतरी करू, खणायचं मग बघू.

आत्याला हे खटकलं. ताकाला येऊन भांडं लपवणाऱ्याला नुसतं ताक नको असतं, असं तिचं मत होतं.

पण दिवाणजींनी खरोखरच केलं. घरटी एक रंगीत घोंगडी वाटली. चावडीजवळ दगडी हौद बांधला आणि डोंगरापलीकडच्या झऱ्याचं पाणी खापरी नळांनी त्यात आणून सोडलं. शेवटी एक वैद्य आणून बसवला, औषध फुकट. गावाने रीतीप्रमाणे सगळं पारखलं. घोंगडी तीनदा धुतली, रंग गेला नाही. हौद तीनदा काठोकाठ भरला, थेंब गळला नाही. वैद्याचं औषध तिघांनी घेतलं, तिघांचाही खोकला थांबला. पाटील म्हणाले, दान पक्कं आहे.

दान पक्कं होतंच. आत्याची शंका वेगळी होती. विहीर तोंडापर्यंत भरलेली असताना हा हौद कुणाच्या तहानेसाठी? कुठंतरी पाणी मुरतंय एवढं तिला कळत होतं, पण कुठं ते कळत नव्हतं. दोन दिवस तिने हौदाभोवती चकरा मारल्या. मग गुडघ्याचं निमित्त करून ती वैद्याकडे गेली.

वैद्य साधा माणूस होता. फळीवर बरण्यांच्या रांगा होत्या, पण गुडघ्याचं औषध आपल्याकडे नाही, असं त्याने सांगून टाकलं. मग एवढ्या बरण्यांत आहे तरी काय, असं आत्याने विचारलं. एक रांग खोकल्याची, एक अंगावरच्या खाजेची आणि दोन रांगा डोळ्यांच्या जळजळीच्या, असं तो म्हणाला.

"आमच्या गावात डोळे कुणाचे जळतात, वैद्यबुवा?"

"अजून कुणाचेच नाहीत. पण शेठनी हीच औषधं न्यायला सांगितली. मागच्या गावात हीच लागली होती."

"मागच्या गावात शेठनी काय केलं होतं?"

"तेल काढलं होतं," वैद्य म्हणाला.

आत्या तशीच उठली. गुडघा विसरून ती तडक घरी आली.

दुसऱ्या दिवशी चावडीवर गाव जमलं. दिवाणजींनी आता संमती मागितली होती. आत्या उठून उभी राहिली.

"गरज सरो नि वैद्य मरो, असं आपण म्हणतो. इथं वैद्य आधी आलाय, पाटील. गरज मागून येणार आहे. हौदही आधी आलाय, तहान मागून येईल. काय बिघडणार ते यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे म्हणूनच दिलंय."

दिवाणजी हसले. वाईट काही होऊ नयेच, पण झालंच तर गाव उघडं पडू नये, एवढीच शेठची इच्छा आहे, असं ते म्हणाले. मागून कुणीतरी 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असं पुटपुटलं आणि सगळी चावडी हसली. ताकावर संशय घेणारी बाई हौदावर घेणारच. आत्याला राग आला तो स्वतःचाच. जन्मभर तिने आपला संशय किरकोळ गोष्टींवर उधळला होता, आणि आज खऱ्या वेळी तिच्या शब्दाला वजन उरलं नव्हतं.

तीनदा पारखलेल्या दानावर शंका घ्यायची ही कुठली रीत, असं पाटलांनी विचारलं. त्यांनी दान पारखलं होतं. देणारा पारखायचा राहिला होता. गावाने संमती दिली.

खणणं सुरू झालं. तेल लागलं, बुधले भरभरून गेलं. पहिल्या वर्षी गायरानावरून धूर येऊ लागला आणि लोकांचे डोळे जळायला लागले. वैद्याने औषध दिलं. दुसऱ्या वर्षी विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला. लोक हौदाचं पाणी पिऊ लागले. कुणी तहानलेलं राहिलं नाही, कुणी आंधळं झालं नाही. शेठनी दिलेला शब्द पाळला.

फक्त विहिरीच्या पाण्यात आता कापडावर डाग पडत, आणि हौदाच्या पाण्यात लालाऐवजी मळकट विटकरी रंग चढे. आत्याने तुरटी वाढवून पाहिली, मुळं बदलून पाहिली. शेवटी तिने भट्टी विझवली आणि ओट्यावर बसून पोटभर रडली.

तिसऱ्या वर्षी शेठ स्वतः आले. आपण केलेलं दान त्यांना डोळे भरून पाहायचं होतं. पाटलांनी त्यांच्या डोक्याला मानाचं पागोटं बांधलं. शेठनी ते उतरवून हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "या गावचा लाल फार नावाजलेला आहे, असं ऐकलं होतं."

पाटलांनी मान खाली घातली. उत्तर आत्याने दिलं.

"खरं ऐकलंत, शेठ. हे तुमच्या हौदाच्या पाण्यात रंगवलंय."

पागोटं दिवाणजींच्या हाती देऊन शेठ गाडीत बसले.

पुढं रंगाऱ्यांची घरं एकेक करून रिकामी झाली. हौद अजून तिथं आहे, काठोकाठ भरलेला. त्याचं पाणी प्यायला गावात माणूस नाही.

म्हणून सांगतो, दान कसं आहे एवढंच पारखू नये; ते द्यायची गरज देणाऱ्याला का पडली, हे आधी विचारावं.