तपासणीच्या दिवशीचा ताप

फार पूर्वी, डोंगरापलीकडच्या एका गावात एक गुरुजी होते. शाळेत लागले तेव्हा अंगात मोठा उत्साह होता. सोळा वर्षांत त्याला कीड लागली. संध्याकाळी पंचक्रोशीतले गुरुजी पारावर जमत आणि एकच दळण दळत. "पालथ्या घड्यावर पाणी," एक म्हणे. "दगडाला पाझर फुटेल, पण या कार्ट्यांना पाढे यायचे नाहीत," दुसरा म्हणे. ऐकून ऐकून आपले गुरुजीही तसंच बोलू लागले.

त्या राज्यात एक रीत होती. वर्षातून एकदा राजाचा तपासनीस येई, मुलांना वाचायला लावी आणि जिथे कोणी अडखळत नसे, तिथल्या गुरुजींना मानाचा शेला देई. रीत चांगली होती. गुरुजी मंडळींनी तिची माती केली. आदल्या दिवशी ते कच्च्या मुलांच्या घरी जात आणि सांगत, "उद्या पाठवू नका. विचारलं तर ताप आलाय म्हणा." राज्यातली मुलं नेमकी त्याच दिवशी कशी आजारी पडतात, असा प्रश्न एकाही तपासनिसाला पडला नाही. पडणार कसा? त्यालाही राजाला गोडच सांगायचं होतं.

आपल्या गुरुजींना पाच शेले मिळाले होते. सहावा मिळाला की राजधानीच्या शाळेत नेमणूक ठरलेली. या गावातून कधी एकदा सुटतो, असं त्यांना झालं होतं.

तपासणीच्या आदल्या दिवशी ते नऊ घरं फिरले. आठ घरांत कोणी चकार शब्द काढला नाही. नववं घर टोपल्या विणणाऱ्या बाईचं. तिची सगुणा तीन वर्षं शाळेत मागच्या भिंतीला टेकून बसत होती.

गुरुजींनी तोंड उघडायच्या आत सगुणाच म्हणाली, "गुरुजी, मागल्या साली तापच सांगितला होता. औंदा पोटात दुखतंय म्हणू का?"

आवाजात रुसवा नव्हता. पाठ केलेला धडा म्हणावा, तशी ती विचारत होती.

तिची आई बांबू सोलता सोलता थांबली. "गुरुजी, रागावू नका. माझी टोपली बिघडली तर मी उसवून पुन्हा इनते, बांबूला नावं ठेवत न्हाई. तुमी माझ्या लेकीला लपवायला सांगता. तीन वर्सांत शिकवलं काय तिला? खोटं बोलायला?"

गुरुजींना संताप आला. निघाले तेव्हा तो बाईवर होता; गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत स्वतःवर उलटला. ज्यांना येत होतं त्यांना आपण शिकवत राहिलो, आणि ज्यांना येत नव्हतं त्यांना दगड म्हणत बसलो. याला शिकवणं म्हणायचं? ते तसेच मागे फिरले आणि नऊही घरी सांगून आले, "उद्या पोरं पाठवा."

दुसऱ्या दिवशी नऊ मुलं पहिल्या रांगेत होती. तपासनीस म्हणाला, "शाळा वाढलेली दिसते."

"वाढली नाही, सरकार. आजवर तुम्ही अर्धीच पाहिलीत."

सगुणा उभी राहिली. पहिलं वाक्य तिने वाचलं. दुसऱ्यात अडली. तपासनिसाने जांभई दिली आणि तिच्या हातातलं पुस्तक घेऊन मिटलं. शेला शेजारच्या गावाला गेला. तिथे त्या दिवशी चौदा मुलांना ताप होता.

पारावर हशा पिकला. "काय गुरुजी, गेली ना राजधानी? हाती काय आलं, धोंडा?"

गुरुजी म्हणाले, "तुमची चौदा मुलं बरी झाली का?"

गुरुजी उठले आणि पुन्हा त्या पारावर फिरकले नाहीत.

सकाळी ते शाळेत आले, तर सगुणा आणि बाकीची आठ मुलं पायरीवर बसलेली. "काल त्यांनी पुस्तक मिटलं," सगुणा म्हणाली. "माझं वाक्य ऱ्हायलं."

गुरुजींनी कुलूप काढलं, पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. ती अडखळली. ते थांबले. ती पुन्हा अडखळली, ते पुन्हा थांबले. एक वाक्य पुरं व्हायला बराच वेळ लागला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा गुरुजींना कुठेही जायची घाई नव्हती.

तात्पर्य, आणि हे लहानांच्या आधी मोठ्यांनी वाचावं: ज्याला येतं त्याच्या जोरावर कोणीही मिरवेल, ज्याला येत नाही त्याच्यापाशी जो थांबतो, तोच गुरुजी.