अळिंबीच्या खोलीतला नाद

“दार उघडतोस का न्हाईस?”

“नाही, अक्का.”

“का बरं?”

“ऊब जाईल.”

अक्का बाहेर बर्फात उभी होती. आत अच्युतराव होते आणि छताला टांगलेल्या अळिंबीच्या पिशव्या होत्या. मधे देवदाराच्या फळ्यांचं जाड दार होतं, आणि त्याची कडी आतून लावलेली होती.

हिमालयातल्या एका वस्तीच्या वरच्या अंगाला अक्काचा आश्रम होता. आश्रम म्हणजे काय, चार खोल्या आणि एक जुना गोठा. अक्का मूळची कराडकडची. तरुणपणी इथे आली आणि राहिली. घरदार सुटलं, पण बोली काही सुटली नाही.

बर्फाने रस्ता बंद झाला की इथे ताजं म्हणून काही खायला मिळत नसे. म्हणून अक्काने गोठ्यात अळिंबी लावली होती. गव्हाच्या काडाने भरलेल्या पिशव्या, आणि त्यांच्या भोकांतून बाहेर येणाऱ्या छत्र्या. आश्रमाच्या पातेल्यात त्या पडत, तशा खालच्या वस्तीतल्या पातेल्यांतही पडत.

थंडीत ही खोली जगवायची तिची एक रीत होती. चूल शेजारी स्वयंपाकघरात, आणि चुलीचं पत्र्याचं धुराडं गोठ्यातून फिरवून बाहेर काढलेलं. आग बाहेर, ऊब आत. शिवाय भिंतीत दोन झरोके, एक जमिनीलगत आणि एक छताजवळ. कितीही गारठा पडो, ते बंद करायचे नाहीत असा तिचा दंडक होता.

अच्युतराव सांगलीचे. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून ते मनःशांतीच्या शोधात निघाले होते. बरेच आश्रम पालथे घालून झाले होते, आणि कुठे आपल्याला कसा अनुभव आला हे ते कोणी न विचारताही सांगत. आता त्यांना अक्काचा अनुग्रह हवा होता.

अक्का म्हणाली होती, “हिवाळाभर अळिंबीची खोली सांभाळ. मग बघू.”

त्या ‘मग बघू’ने अच्युतरावांची झोप उडवली. अळिंबी गारठली तर? एक पिशवी जरी वाया गेली तर? त्यात अक्का खोकल्याने अंथरुणाला खिळली, आणि विचारायचं तर कोणाला विचारायचं. घागरीतलं पाणी गोठलं त्या दिवशी त्यांनी खालचा झरोका दगडमातीने लिंपून टाकला. मग वरचाही लिंपला.

त्यानंतर अळिंबी भराभर उंच व्हायला लागली. अच्युतरावांना वाटलं, आपल्या हाताला गुण आहे.

आज सकाळपासून बर्फ पडत होता. अच्युतराव कोळशाची पेटती शेगडी घेऊन आत गेले, दाराखालच्या फटीत गोधडी कोंबली, कडी लावली आणि ध्यानाला बसले.

अंथरुणाला खिळल्यापासून अक्काने आज पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहिलं. वरच्या झरोक्यातून एरवी वाफ निघताना दिसायची. आता ती दिसेना. तशी ती खोकत खोकत उठली.

आता तिने दाराच्या फटीला नाक लावलं.

“उबट वास येतोय.”

“ऊब आहे, अक्का. उबट कशी असेल?”

“शेगडी नेलीस आत?”



“थोडी.”

थोडी शेगडी कशी नेतात, हे अक्काने विचारलं नाही.

“दिवा हाय का लावलेला?”

“आहे.”

“कसा जळतोय?”

“मंद. तेल भरपूर आहे... वात वर सारली, तरी मंदच.”

“आन् डोकं?”

“जड आहे. पण बरं वाटतंय.”

“आन् कान?”

आतून अच्युतराव हसले. बऱ्याच दिवसांनी ते असे हसले होते.

“तुम्हाला कसं कळलं? कानात नाद येतोय, अक्का. अखंड... दुरून घंटा वाजावी तसा. अनाहत म्हणतात तो हाच ना?”

अक्काने दोन्ही हातांनी दार बडवलं.

“उघड! आरं, तो नाद न्हाई. कोळसा चढलाय तुझ्या डोक्यात. उघड आधी!”

“कळलं मला.”

“काय कळलं?”

“परीक्षा आहे ही.” आतला आवाज संथ होता, जरा जडावलेला. “शिष्य ढळतो का, ते गुरू पाहतात. मी नाही ढळणार.”

“माझी आज्ञा हाय, अच्युता!”

“तीच तर परीक्षा.”

गुरूंच्या इतक्या गोष्टी अच्युतरावांनी ऐकल्या होत्या, की साध्या आज्ञेला त्यांच्या डोक्यात जागाच उरली नव्हती.

अक्का भिंतीला धरून खालच्या झरोक्यापाशी गेली. हाताने बर्फ उकरला. येताना चुलीपासून उचललेल्या चिमट्याने माती खरवडायला लागली. माती गोठून दगड झाली होती, चिमटा नुसता घसरत होता. वस्तीतून माणूस आणावा, तर या बर्फात खाली जाऊन वर येईपर्यंत काय व्हायचं ते होऊन गेलं असतं.

ती पुन्हा दाराशी आली.

“अच्युता, मरशील तू.”

“मरणाची भीती... ती पण एक पायरीच असते, अक्का.”

“पायरी कसली रं, गाढवा! बरं, अनुग्रह पायजे न्हवं तुला? बाहेर ये. हितंच देते. आत्ता देते.”

अक्का कान देऊन उभी राहिली.

“मोह,” अच्युतराव अखेर म्हणाले. शब्द आता एकमेकांत अडकत होते. “शेवटचा मोह... आता बोलू नका, अक्का. वृत्ती खाली येते.”

अक्का घाबरली. तिला घाबरलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं, आणि आत्ताही पाहायला तिथे कोणी नव्हतं. ती जे म्हणेल त्यातून आतल्या माणसाची समजूत आणखी पक्की होत होती. ओरडली तरी परीक्षा, रडली तरी परीक्षा.

तिला खोकल्याची उबळ आली. ती दाराला पाठ लावून खाली बसली. घाईत अंगावर घेतलेली शाल कुठेतरी झरोक्यापाशीच गळून पडली होती. लुगड्याचा काठ बर्फाने कडक झाला होता. दातावर दात आपटत होते, आणि ते तिला थांबवता येत नव्हते.

“अच्युता...”

तिने कोपराने दार ठोकलं.

“अच्युता, मला थंडी वाजतिया.”

...

“लई वाजतिया रं. पाय बधिर झाल्यात. शाल कुठं पडली ठावं न्हाई... आता उठवत बी न्हाई मला. आत घे.”

कितीतरी वेळ काही ऐकू आलं नाही. बर्फ पडत होता.

मग आत काहीतरी कलंडलं. जमिनीवरून काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. अच्युतरावांना उभं राहता येत नव्हतं. ते रांगत होते.

“अक्का,” दाराच्या अगदी जवळून आवाज आला. “शाल का नाही घेतलीत? एवढा खोकला आहे आणि...”

घरातल्या आजारी म्हातारीवर रागवावं तसे ते रागावले होते.

“इसरले रं.”

“विसरता कसं? थांबा... आलो... थांबा.”

कडी हाताला लागेना. एकदा वाजली, सुटली, पुन्हा वाजली. अक्काने डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. अच्युतराव उंबऱ्यावरच पालथे कोसळले, त्यांचं तोंड बर्फात गेलं.

आजारी म्हातारीच्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. अक्काने त्यांना मफलरला आणि बंडीला धरून बाहेर ओढलं. मग श्वास रोखून आत वाकली, चिमट्याने शेगडी उंबऱ्याबाहेर खेचली आणि बर्फात उलटी केली. कोळसे चरचरले.

अच्युतराव ओकत होते. अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती, रडत होती आणि शिव्याही देत होती, सगळं एकदमच.

“घे. श्वास घे, मेल्या. आणखी घे...”

दोन दिवसांनी अच्युतराव उभे राहण्याजोगे झाले. डोकं अजून ठणकत होतं. त्यांनी कुदळ घेतली आणि दोन्ही झरोके फोडून मोकळे केले. अक्का दारात पाटावर बसून बघत होती. अंगावर तिची शाल होती आणि त्यावर अच्युतरावांचीही होती.

खालच्या झरोक्यातून गार वारं आत आलं. अच्युतरावांचा तळहात आपसूक त्याच्या आड गेला. मग त्यांनी तो हळूच बाजूला घेतला. शेजारी चुलीत लाकडं तडतडत होती, धुराडं तापलं होतं. थोड्या वेळाने वरच्या झरोक्यातून वाफ बाहेर पडायला लागली.

ते पिशव्यांकडे वळले.

प्रत्येक पिशवीतून लांबच लांब पांढुरके देठ आले होते, आणि देठाच्या टोकाला छत्री म्हणावी तर मसुराच्या दाण्याएवढी. पातेल्यात टाकण्याजोगं त्यात काही नव्हतं.

“किती उंच झाली होती, अक्का... मला वाटलं, जोमानं वाढतायत.”

अक्काने एक घोस तोडला आणि त्यांच्या हातात दिला.

“वाऱ्यासाठी माना लांबवत हुती ती. त्यांना बी नाद ऐकू येत हुता.”

अच्युतराव खाली मान घालून बसले. घोस हातातच राहिला. वाफ वर जात होती, वारं आत येत होतं.

अखेर त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर भीती होती, पण तिच्याआडून जुनी आशा थोडीशी डोकावत होती.

“खोली तर मी घालवली, अक्का. पण शेवटच्या परीक्षेत तरी...?”

“कुठल्या?”

“तुम्ही म्हणालात, थंडी वाजते... आणि मी सगळं सोडून दार उघडलं. तीच तुमची खरी परीक्षा होती ना?”

अक्काला खोकला आला. तो थांबेपर्यंत अच्युतराव तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने दोन्ही शाली गळ्याशी घट्ट ओढून घेतल्या.

“परीक्षा न्हवती रं,” ती म्हणाली. “मला थंडी वाजत हुती.”