गिल्डरचा अर्ज

विषय: भट्टीतून सूट मिळण्याबाबत. अर्जदार: गिल्डर, हॉलंडचे जुने नाणे.

हॉलंडात युरो नवा होता तेव्हाची गोष्ट. दुकानदाराने जुनी नाणी वितळवायला पोत्यात भरली.

"काका, आता काशीला जा," गल्ल्यातला युरो म्हणाला.

"बाळा, पणजोबा सोन्याचे, आजोबा चांदीचे, मी निकेलचा. दर पिढीला 'संपलं' म्हणणारा कोणीतरी भेटतोच," गिल्डर म्हणाला, पण आतून तो घाबरला होता.

पोतं दाराशी आलं तसं तिथल्या सामानाच्या ढकलगाडीचं, नाणं घातलं की उघडणारं कुलूप ओरडलं, "थांबा! बाजारात तो चालत नसेल, माझ्या खाचेत अजून चपखल बसतो."

दुकानदाराने बसवून पाहिला. कुलूप उघडलं, ढकलगाडी साखळीतून सुटली.

"बिनपगारी!" युरो हसला.

"रोज फिरायला तर मिळेल," गिल्डर म्हणाला.

भट्टीने अर्ज वर पाठवला आहे. अर्जदार कामावर आहे. निर्णय प्रलंबित.