अंबादासची हिरवी चाचणी

देवाशप्पथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे त्या दिवशी मावशीकडे होतो, पण लक्ष सगळं तिथंच.

एका गावात एक भोळा प्रोग्रॅमर होता. अंबादास नाव. पेंडीच्या दुकानावरच्या माडीत मृदुलाताईंची छोटी कंपनी होती, तिथं तो जावा नावाच्या संगणकी भाषेत प्रोग्रॅम लिही. गावच्या दूध डेअरीचं काम मिळालं होतं. जमलं तर कंपनी तगणार, नाहीतर माडीला कुलूप.

प्रोग्रॅमची मॉड्यूल, म्हणजे सुटे भाग, केलेली. एक दूध मोजणार, एक भाव काढणार. अंबादासनं चाचण्या मूळ कोडातच कालवल्या आणि सगळं एकत्र बांधून डेअरीत धाडलं. सकाळी रतीब सुरू व्हायच्या आधीच चाचणीतल्या नकली म्हशींनी स्क्रीनवर हंडेच्या हंडे दूध घातलं.

मृदुलाताई ओरडल्या, "अरे, चाचण्यांचं फोल्डर वेगळं ठेव! चाचणीचं काही गिऱ्हाइकाकडे जाता कामा नये."

"बरं ताई."

पुढच्या खेपेला भावाचं मॉड्यूल गेलंच नाही.

"का रे?"

"त्याची चाचणी झाली होती ना! जे तपासलं नव्हतं, तेवढंच पाठवलं."

"अरे शहाण्या, तपासून पास झालं, स्क्रीनवर हिरवं झालं, तेच पाठवायचं. लाल दिसलं की जागच्या जागी थांबायचं!"

"बरं ताई."

मग नवा प्रोग्रॅम घेऊन तो डेअरीकडे निघाला. दुपारी ताई शोधत आल्या, तर हा बाहेर उन्हात उभा.

"आत का नाही गेलास?"

"फाटक लाल आहे."

ताईंनी त्याला दंडाला धरून परत आणलं. उद्या चेअरमन तात्यांसमोर शेवटची परीक्षा होती.

"ताई, मोजणीचं मॉड्यूल बंद आहे. चाचणीला आतलं दिसत नाही."

"मग चाचणीपुरतं उघड. आत काय आहे ते पुरतं बघ, आणि लाव परत."

"बरं ताई."

दुसऱ्या दिवशी तात्या आले, तर डेअरीच्या अंगणात दुधाचा ओढा आणि गावातली झाडून सगळी मांजरं.

"टाकी कुणी सोडली रे?"

"मी, तात्या. चाचणीपुरती. आत काय आहे ते पुरतं बघितलं, आणि लावली परत."

"आणि दूध?"

"टाकीत शून्य, स्क्रीनवर शून्य. जुळलं! बघा कसं हिरवंगार!"

तात्यांनी तिथल्या तिथं काम काढून घेतलं, आणि माडीला कुलूप लागलं.

आता यात रचलेलं किती, तर हे शेवटचं वाक्य. तात्यांनी काम काढलं नाही. त्यांनी हिरवी स्क्रीन पाहिली, टाळ्या वाजवल्या आणि तालुक्यातल्या सगळ्या डेअऱ्या अंबादासच्या हवाली केल्या.