बारा पुड्यांचं पुस्तक

बकुळीच्या बागेपलीकडे, तांबड्या मातीच्या इवल्याशा घरात शेवंती राहायची. ती आणि टोपल्या विणणारे तिचे बाबा, एवढंच घर. आई श्रावणात वारली आणि बाबांचा आवाजच गेला. विणायचे, जेवायचे, पण बोलायचे नाहीत.

आईचं एक गोष्टीचं पुस्तक होतं. दूर उडून गेलेल्या हंसिणीची गोष्ट. रोज तिन्हीसांजेला आई एकेक पान वाचायची. अकरा झाली, शेवटचं बारावं राहिलं. हंसीण पिल्लांकडे परत येते का, शेवंतीला कळलंच नाही.

बाबांना ते पुस्तक डोळ्यांसमोर बघवेना. जुन्या कागदांबरोबर त्यांनी ते माझ्या दुकानात आणून टाकलं. मी फुटाणेवाला. शाळेत गेलो नाही, अक्षरं शिकलो ती पुड्या बांधताना. पण त्या दिवशी दाराशी गिऱ्हाईक; न वाचताच टराटरा पानं फाडली आणि बारा पुड्या बांधल्या.

शेवंतीला कळलं तेव्हा ती बकुळीखाली मुसमुसत बसली. तोच फांदीवरचं एक फूल चमचमलं, आणि अंगठ्याएवढी, चंदेरी पंखांची परी झुलत खाली उतरली.

“एक मागणं माग, सोनुले. पण गेलेलं माणूस मला आणता येत नाही हं.”

शेवंतीनं डोळे पुसले. “मग आईचं पुस्तक दे.”

“पानं ज्यांच्या घरी गेली, त्या दारांवर सोनेरी ठिपका दिसेल. तिथे पान आधी वाचून दाखवायचं, मगच घ्यायचं. घाईनं ओढलंस तर अक्षरं उडून जातील.”

पहिलंच दार कजाग राधाक्काचं.

“फुटाण्याचा कागद मागतेस? डोकं फिरलंय का गं?”

“आधी ऐका तरी, अक्का.”

पान संपलं. राधाक्का पदरानं डोळे पुसत म्हणाली, “माझा लेकही असाच लांब गेलाय गं.” मग शेवंतीला जवळ ओढून तिनं तिची विस्कटलेली वेणी घालून दिली. अक्का एवढं का खेकसते, ते शेवंतीला त्या दिवशी समजलं.

अशी अकरा दारं झाली. बारावा ठिपका माझ्या दुकानावर.

मला तोंड वर करवेना. “पोरी, ती पुडी मीच खाल्ली. कागद भट्टीत गेला.”

तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता शिव्या देणार. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण माझेही डोळे वाहताना पाहून ती पोत्यावर बसली.

“रडू नका, काका. तुम्हाला पहिल्यापासून वाचून दाखवते.”

अकरावं पान संपलं, आणि ती थांबली. पुढे काहीच नव्हतं. तेवढ्यात दारातून घोगरा आवाज आला.

“हंसीण परत आली नाही.”

खांद्यावर टोपल्या घेऊन बाबा उभे होते.

“पण जाताना ती आपली पिसं घरट्यात अंथरून गेली होती. त्या हिवाळ्यात एकाही पिल्लाला थंडी वाजली नाही.” त्यांनी टोपल्या खाली ठेवल्या. “शेवटचं पान तुझ्या आईनं मला आधीच वाचून दाखवलं होतं, शेवंते. म्हणाली, पोरीला तुम्ही सांगा. मला सांगवलं नाही गं.”

शेवंती त्यांच्या गळ्यात पडली. दोघं हमसून हमसून रडली.

माझ्या तराजूच्या पारड्यात परी बसली होती. तिनं पंख मिटले, आणि ती रुपेरी उजेड होऊन त्या अकरा पानांवर सांडली. पारडं जराही हललं नाही. दुकानभर बकुळीचा वास मात्र राहिला.