उंबऱ्याला दिलेला मार

पूर्वी वेत्रवतीच्या काठी वंकनगरात सुतेज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व ब्राह्मणकुळात जन्मले होते, आणि विद्या संपादून राजपुत्राचे आचार्य झाले होते. राजपुत्राचे नाव सुषेण. तो नुकता चालू लागला असताना एकदा उंबऱ्याला अडखळून पडला. दाईने त्याला उचलले आणि उंबऱ्यालाच चोपले. "माझ्या राजाला पाडलंस? हा घे!" मूल डोळे पुसून हसले. असे घरोघरी चालते, त्यात जगावेगळे काही नाही. पण इतर घरांतली मुले पुढे उंबरा पाहून पाय टाकायला शिकतात. राजवाड्यात तसे झाले नाही.

त्या राजकुळाची एक रीत होती. ज्या मस्तकावर उद्या अभिषेकाचे पाणी पडायचे, त्याच्यावर आज दोषाचा शब्द पडू नये, असे ते मानीत. म्हणून पाठाच्या वेळी राजपुत्राच्या डावीकडे त्याच्याच वयाचा एक मुलगा बसवीत, आणि राजपुत्राचे चुकले की आचार्यांनी त्या मुलाला रागवायचे. सुषेणाच्या डावीकडे बसला तो तिंदुक. तो बुरुडाचा मुलगा होता.

बोधिसत्त्वांना ही रीत पटली नाही. पण अन्न राजाचे आणि मानही राजाचा. त्यांनी मनाची समजूत घातली, 'लेकी बोले सुने लागे. मुलगा हुशार आहे, त्याला कळेल.'

आरंभी त्याला कळतही होते. सुषेणाने धूळपाटीवर अक्षर वाकडे काढले, की आचार्य म्हणत, "तिंदुका, लक्ष कुठे आहे तुझे?" तिंदुक मान खाली घालून म्हणे, "चुकलो, आचार्य." सुषेण लाजेने लाल होई, तळहाताने धूळ सारखी करून अक्षर पुन्हा काढी, आणि पाठ संपला की आपल्या वाट्याचा आंबा तिंदुकाच्या हातात ठेवी. मूल मुळात चांगले होते. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुढे ते कोणाला खरे वाटले नसते.

काही काळाने आंबा देणे थांबले. मग लाजणेही थांबले. एके दिवशी बोधिसत्त्वांनी ऐकले, सुषेण तिंदुकाला दटावीत होता, "किती चुकतोस रे! तुझ्यामुळे आचार्यांना रागवावे लागते." त्यात कपट नव्हते, त्याला खरेच तसे वाटू लागले होते. त्या दिवशी बोधिसत्त्वांनी बोलायला हवे होते. ते बोलले नाहीत. त्यांनी पुढचा पाठ सुरू केला.

सुतेज वारला आणि सुषेण गादीवर आला. तिंदुक आता सिंहासनाच्या डावीकडे उभा राहू लागला.

नगराच्या वरच्या अंगाला मोठे तळे होते. पावसात ते भरत आले, की बांधातले दार उघडून पाणी नदीत सोडून द्यायचे, असा जुना शिरस्ता. त्या वर्षी राजाला भरल्या तळ्यात नौकांचा उत्सव करायचा होता. तळ्याचा राखणदार धावत आला. "महाराज, बांध पाझरतोय. दार उघडू द्या." राजा म्हणाला, "उत्सव होऊन जाऊ दे." उत्सवाच्या आदल्या दिवशी बांध फुटला आणि खालची बुरूडआळी वाहून गेली. तिंदुकाची आई त्यातच गेली.

लोक रडत राजद्वारी आले. सभा भरली. राजाने विचारले, "हे कोणामुळे झाले?" राजाची नजर सवयीने डावीकडे वळली.

"तिंदुका, तू मला वेळेवर आठवण का करून दिली नाहीस?"

आईची चिता अजून विझली नव्हती. तरी तिंदुकाने मान खाली घातली, हात जोडले आणि म्हणाला, "चुकलो, महाराज."

"याला सुळावर द्या," राजा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी उंबऱ्याला मार बसल्यावर त्याचे रडे थांबे, तसे आता प्रजेचे थांबेल, असे त्याला वाटत होते.

चोर सोडून संन्याशाला सुळी! वृद्ध बोधिसत्त्व उठून उभे राहिले.

"महाराज, चूक आपली आहे."

राजा लहान मुलासारखा गोंधळून पाहू लागला. "आचार्य, असे आपण मला कधीच म्हणाला नाहीत."

"नाही म्हणालो. तो माझा अपराध. याने आजवर आपल्या वाट्याचे शब्द सोसले, आज आपण याचा जीव मागता आहात. शिक्षा कोणाला तरी द्यायचीच असेल, तर ज्याने आपल्याला घडवले त्याला द्या."

राजाने तिंदुकाला सोडले आणि दोघांनाही राज्याबाहेर घालवले. राजाच्या डावीकडे दुसरा कोणी उभा राहिला.

दोघे अरण्यात पर्णकुटी बांधून राहिले. एकदा पाणी घेताना बोधिसत्त्वांच्या हातून मडके निसटले आणि फुटले. तिंदुक दूर अंगणात बांबूच्या काड्या सोलीत बसला होता. आवाज ऐकताच मान खाली घालून तो म्हणाला, "चुकलो, आचार्य."

बोधिसत्त्व रडले. त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "नाही रे बाळा. मडके माझ्या हातून फुटले." पुढे आयुष्यभर ते त्याला हेच समजावीत राहिले. तिंदुक ऐकून घेई, मान हलवी, आणि पुन्हा काही फुटले की तेच म्हणे.

जेतवनात एका थोर कुळातल्या भिक्षूची चूक त्याच्या गरीब सोबत्याच्या माथी मारली गेली, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "त्या वेळचा राजा सुषेण म्हणजे हा थोर कुळातला भिक्षू. तिंदुक म्हणजे मान खाली घालून उभा असलेला हा सोबती. आणि आचार्य होतो तो मीच."

मग शास्त्यांनी त्या सोबत्याला जवळ बसवून घेतले आणि म्हणाले, "भिक्षूंनो, ही सत्यपारमितेची कथा. सभेत मी खरे बोललो. पण धूळपाटी समोर होती, मुलगा लाजत होता आणि नुसत्या तळहाताने चूक पुसता येत होती, तेव्हा बोललो नाही."