मुकादमाचं नाव सांडलं

फार पूर्वीची म्हणावी इतकी ही गोष्ट जुनी नाही, पण एका ढगात एक गाव होतं. आपण मोबाईलमधले फोटो ढगात टाकतो, तोच तो ढग की शेजारचा, ते काय माहीत नाही. त्या गावात घरं नव्हती, डबे होते. पत्र्याचे, गोल, झाकणवाले. एकेका लांब फळीवर डब्यांची रांग, आणि डब्याडब्यात एकेक माणूस.

ढगात ओल लय. डबे गंजायचे, मग नवा डबा घ्यायला लागायचा. पण त्यात एक भानगड होती. नव्या डब्यात पाय टाकला की डोक्यातली सगळी नावं पुसून जायची. दुसऱ्यांची तर जायचीच, स्वतःचं पण जायचं. म्हणून गावानं प्रत्येकाचं नाव कोठारात एका मडक्यात ठेवलं होतं. मडक्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक डब्याला. नव्या डब्यात गेलं की दोरीला कान लावायचा, नाव सुळकन कानात. बाकीच्यांची नावं मग त्यांना विचारून घ्यायची.

कोठार सांभाळायला गावाची एक आत्या होती. पोर जन्मलं की बारशाला ती पोराच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायची आणि लगेच तेच मडक्यात सांगायची. शिवाय एक जोडमडकं पण भरायची. बॅकअप हो.

आणि एक झाडूवारा होता. गावानंच ठेवलेला. मागं एकदा कोठार गच्च भरलं, तेव्हा गावानं त्याला सांगितलं होतं, की ज्या मडक्याची दोरी सुटलेली दिसेल त्याचा मालक गेला असं धर आणि मडकं खाली ओतून टाक. वारा काय, त्याला डोकं थोडंच असतं? दोरी सुटली दिसली की मडकं उपडं. फक्त भिंतीच्या खुंटीला बांधलेलं मडकं तो सोडायचा.

तर एकदा फळ्याच कुजल्या. माणूस कुशीवर वळला तरी फळी कर्रर्र करायची. पोरं झोपेत दचकायला लागली. गावाला एक मुकादम होता. मिशा अशा, की त्याच्या डब्याचं झाकण नीट लागायचं नाही. तो म्हणाला, "अपग्रेड करायचं. जुन्या फळ्या काढायच्या, नव्या टाकायच्या, डबे पण नवे. आजच्या आज."

आत्या म्हणाली, "कर बाबा, पण फळी काढायची म्हणजे दोऱ्या सोडाव्या लागणार. आधी एकूणएक मडकं खुंटीला बांधू."

"एवढी मडकी बांधत बसलीस तर फळीच खाली जाईल! दोरी सोडली, नवा डबा मांडला, तिकडं बांधली. वाऱ्याला कळायच्या आत."

"मग निदान जोडमडकी उघडून ऐकू. नाव आहे का नाही आत, ते तरी..."

"म्हणजे? तूच भरलीस ना?"

"भरली मी. उघडली कुणी कधी?"

"आत्ये, तू पण ना! भरलेलं मडकं, त्यात नाव नाही तर काय लोणचं असणार?"

सगळे हसले. आत्या पण थोडी हसली, पण तिचा हात एका जोडमडक्याच्या झाकणाकडं गेला. तेवढ्यात फळी पुन्हा कर्रर्र झाली आणि लोकच ओरडायला लागले, "अहो मुकादम, उरका!"

मुकादमाची फळी पहिली. "मीच आधी जातो, मग तर भ्याल नाही?" म्हणत त्यानं आपली दोरी सोडली. त्याच्या फळीवरच्या सगळ्यांनी सोडल्या. धडाधड जुने डबे उचलले, नव्या फळीवर नवे कोरे डबे मांडले, सगळे आत जाऊन बसले. दोऱ्या बांधायला हात पुढं केले.

तोवर कोठारात सूंऽऽ झालं.

खाली कुठंतरी पावसाच्या चार सरी पडून गेल्या असतील. ती त्या फळीची नावं होती.

मुकादमानं दोरी बांधून तिला कान लावला. काहीच नाही. दुसऱ्या कानानं ऐकलं. काहीच नाही. त्यानं मिशीवर हात फिरवला, तोंड उघडलं, "ऐका रे, मी..." आणि तिथंच अडकला. "मी... मी कोण?"

"जोडमडकी!" आत्या पळत सुटली. तिनं पहिलं जोडमडकं उघडलं. आतून आवाज आला, "कुर्रर्र..." आणि संपलं. दुसरं उघडलं. "कुर्रर्र..." तिसरं. तेच.

आत्यानं हातातलं झाकण उलटसुलट करून बघितलं. तिला आत्ता उमगलं. बारशाला आत्यानं शेवटचं कुर्रर्र केलं, म्हणजे जोडमडक्यातलं, की बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. मजा म्हणून. आणि इकडं धपाटा बसला की तिच्या हातातलं झाकण खटकन मडक्यावर पडायचं. नाव बाहेरच राहायचं. इतकी वर्षं ती कुर्रर्र भरून ठेवत होती.

आता रडायला पण सवड नव्हती. बाकीच्या फळ्या वाकायला लागल्या होत्या. आत्या ओरडली, "कुणी नव्या डब्यात जाऊ नका! तुम्ही अजून जुन्या डब्यात आहात, तुमच्या डोक्यात ह्यांची नावं आहेत. ज्याला ज्याचं आठवतंय, त्यानं इथं येऊन मडक्यात बोला. पण पटापट!"

लोक धावले. "तो ठेंगू, तो सोपान!" "ही यमुना, रोज माझ्याशी भांडते, विसरेन कशी?" "त्याला आम्ही बेडक्या म्हणतो." "बेडक्या नको मेल्या, खरं सांग!" "खरं... खरं म्हादू!" एकेक मडकं भरत गेलं, एकेक माणूस दोरीला कान लावून खुदकन हसत गेला.

राहिला मुकादम.

"ह्यांचं नाव काय?" आत्यानं विचारलं.

गडी म्हणाले, "मुकादम."

"ते काम झालं. नाव?"

पोरं म्हणाली, "बाबा."

बायको शेजारच्या फळीवर राहायची, कारण हा घोरायचा फार. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ती पदर चावत म्हणाली, "मी तर ह्यांना अहो म्हणते. लग्नात उखाण्यात घेतलं होतं नाव, सगळ्यांच्या समोर. पण त्यानंतर किती डबे बदलले मी. आणि नवऱ्याचं नाव परत विचारायचं कुणाला?"

"आत्ये, तुला?" मुकादमाचा आवाज बारीक झाला होता. "तूच सांगितलं होतंस ना माझ्या कानात?"

आत्यानं मान हलवली. तिचा पण डबा कधीच बदलला होता. "मडक्यात आहे म्हणून मी डोक्यात नाही ठेवलं रे," ती म्हणाली.

मग काम आत्याच्या पद्धतीनं झालं. आधी मडकी खुंटीला. मग जोडमडकी नव्यानं भरली, धपाटे बंद, आणि प्रत्येक उघडून ऐकलं. मग एक फळी, ती नीट बसली की दुसरी. शेवटची फळी रिकामी झाली आणि कडाडकन मोडून खाली गेली. पण एकही नाव सांडलं नाही.

मुकादमाचं पुन्हा बारसं केलं. एवढ्या मोठ्या बाप्याला पाळण्यात घातलं, मिशा दोन्हीकडून बाहेर. आत्यानं छान नाव दिलं. पण ते काही त्याला लागलं नाही. त्या नावानं हाक मारली तर तो बसून राहतो.

आणि दुसऱ्या कुणाला हाक मारली, कुठलीही, अगदी कोपऱ्यावरच्या तान्ह्या पोराला जरी, तर ते पोर बघायच्या आधी मुकादम वळून बघतो. न जाणो, हेच असलं तर.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: डबा बदला, फळी बदला, अख्खं गाव नवं करा, पण दोरी सोडायच्या आधी मडकं खुंटीला बांधा, आणि जोडमडकं आहे म्हणून निवांत बसू नका, झाकण उघडून आत काय आहे ते एकदा ऐका.